बुलेट भोकर

बाई भाव करत नसत. भाजीवाल्यासमोर उभ्या राहायच्या, "वांगी कशी?" एवढंच विचारायच्या आणि त्यानं भाव सांगितला की गप्प. नाक मुरडणं नाही, "लई महाग लावून राहिलास" नाही, पुढं निघाल्याचं सोंग नाही. नुसत्या त्याच्याकडं बघत उभ्या. थोड्या वेळानं तो माणूस आपणच चुळबुळ करायला लागायचा, तराजू इकडचा तिकडं करायचा आणि म्हणायचा, "घ्या बाई, तुमच्यासाठी कमी करतो." मग बाई पिशवी उघडायच्या. नांदेडात अशा किती भाज्या मी त्यांच्या मागं उभी राहून घेतल्या असतील! मला एकटीला ते कधी जमलं नाही. दोन श्वासांत मीच बोलून जायचे.

मी त्यांची वरच्या खोलीतली भाडेकरू. तासिका तत्त्वावर एका कॉलेजात मराठी शिकवायचे. बाई इतिहासाच्या. नांदेडच्या शाळेत उभं आयुष्य शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची, त्यामुळं मीही. नवरा रेल्वेच्या ऑफिसात होता, तो वारला होता. एकुलता एक मुलगा लातूरला, क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवायचा. त्याचा फोटो क्लासच्या बोर्डावर लागतो, हे बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगताना चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर कधीच काही नसायचं.

माझं गाव किल्लारी. हे कळल्यावर समोरचा माणूस हटकून भूकंपाचं काढतो. घरातलं कोण गेलं, किती गेले. मी तर त्यानंतर जन्मलेली. बाई तेवढ्या एकट्या निघाल्या, ज्यांनी विचारलं, "तुमच्या नव्या गावातली झाडं मोठी झाली का आता?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे," आणि किल्ली माझ्या हातात दिली.

विचित्रपणाही कमी नव्हता. लग्नपत्रिका आली की लाल पेनानं तिच्यातलं शुद्धलेखन तपासायच्या आणि लग्नाला जाताना आहेराबरोबर ती पत्रिका परत करायच्या. एका वधूपित्यानं ती दुरुस्त करून धाकट्या मुलीच्या वेळी छापली, याचा त्यांना फार अभिमान. परीक्षेत कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कसं पकडता, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "पोरगं तोंड सांभाळतं गं. पायाचा अंगठा सांभाळत नाही. मी वर्गात खालीच बघत फिरायचे."

अशा बाईंकडं एके सकाळी त्यांची सून आली. एकटीच, लातूरहून पहिल्या गाडीनं. मी जिन्यावरून उतरत होते. तिनं माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला, तो तिला जमला नाही. दार लावून दोघी दिवसभर आत बसल्या. संध्याकाळी सून गेली. बाई अंगणात उभ्या होत्या. सगळं ठीक ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हाव. तुला पोकर माहीत आहे का?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पत्त्यांचा खेळ?"

"तोच. तीन पत्ती न्हाई, पोकर."

मला माहीत नव्हता. त्यांनाही नव्हता. पण बाई इतिहासाच्या. एखादी गोष्ट समजून घ्यायची म्हणजे तिच्या मुळापासून, हा त्यांचा नेमच होता. पुढचे कित्येक दिवस चहाच्या वेळी मला पोकरचा इतिहास ऐकावा लागला. मोबाइलवर वाचायच्या, आणि समोर मी नसले तर गहू निवडायला आलेल्या शेजारणींनाही सांगायच्या. त्या बिचाऱ्या "अगं बाई!" म्हणत ऐकायच्या.

"कुणी म्हणतात इराणात पंचवीस पत्त्यांचा खेळ होता, तिथून हा आला. कुणी म्हणतात फ्रेंचांचा 'पोक' नावाचा खेळ होता, त्याचं पोकर झालं. खरं कुणालाच माहीत न्हाई. अमेरिकेत हा न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरला आणि मिसिसिपी नदीवरच्या बोटींमधून वर चढला. आधी वीसच पत्त्यांवर खेळायचे. बोटीवर खेळणारे सगळे एकमेकांना परके. लुबाडणारा पुढच्या धक्क्यावर उतरून जायचा, लुबाडलेला बोंबलत बसायचा. मग सैनिकांनी तो गावोगाव नेला. मग टेक्सासवाल्यांनी हातात दोनच पत्ते आणि बाकीचे पाच सगळ्यांच्या मधे, असा नवा खेळ काढला. मग लास वेगास. मग कॉम्प्युटर. एक साधा हिशेब लिहिणारा माणूस घरबसल्या कॉम्प्युटरवर जिंकून मोठ्या स्पर्धेत पोचला आणि तिथं सगळ्या पट्टीच्या खेळाडूंना हरवून बसला. झालं! जगातल्या प्रत्येक हिशेबनिसाला वाटायला लागलं, आपणही. आता फोन." इथं त्या थांबल्या. "पूर्वी बोट निदान काठाला तरी लागायची. आता कुणी उतरतच न्हाई."

शेवटचं वाक्य त्या मला नव्हे, स्वतःलाच म्हणाल्या होत्या. मला ते नंतर कळलं.

मग एके दिवशी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हे ॲप टाकून दे. पैशांचं आहे, पॅन कार्ड लागतं म्हणे, हे घे."

"बाई, पैसे लावून खेळणार?"

"टाक म्हटलं ना."

मी टाकलं. खेळण्यासाठी टोपणनाव हवं होतं. काय देऊ, असं विचारलं. गल्लीतून एक पोरगं बुलेट फडफडवत गेलं. बाई म्हणाल्या, "बुलेट लिही. आणि पुढं भोकर लिही, माझं माहेर." अशा रीतीनं देवपूजा झाल्याशिवाय चहा न पिणाऱ्या, सहासष्ट वर्षांच्या बाई 'बुलेट भोकर' झाल्या.

दुपारी तीन वाजता त्या बसायच्या. पोळपाटाला टेकवून फोन उभा करायच्या, शेजारी लिंबू पिळलेला कोरा चहा. पत्त्यांच्या जोडण्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. एका रंगाचे पाच आले की एकरंगी. ओळीनं आले की माळ. तीन सारखे आणि दोन सारखे आले की भरलं घर. हातात काहीच नसताना पैसे वाढवणं म्हणजे थाप. पहिले काही महिने त्या हरतच होत्या. मी समोर बसून बघायचे. त्यांची पेन्शन जात होती. त्यांच्या तोंडाकडं बघून मात्र कळायचं नाही, गेले की आले.

हळूहळू त्या जिंकायला लागल्या. त्यांची पद्धत तीच, भाजीवाल्याची. बहुतेक वेळा पत्ते टाकून द्यायच्या, गप्प बसायच्या. समोरचा कधी चुळबुळ करतो याची वाट बघायच्या. "दिसत नाही त्याचा अंगठा कसा बघता?" मी विचारलं.

"दिसतो. किती वेळ लावतो, किती वाढवतो, हरल्यावर लगेच पुन्हा बसतो का. सगळं दिसतं."

जिंकल्या तरी मला ते पचेना. कॉलेजात एका सहकाऱ्याचा भाऊ अशाच खेळापायी परागंदा झाला होता. बाईंनी तर दुपारची झोप सोडली, नदीवर फिरायला जाणं सोडलं, शेजारणी येईनाशा झाल्या. एकदा मला ताप होता म्हणून मी खाली येऊन पाणी मागितलं, तर त्यांनी फोनवरची नजर न काढता हातानंच थांब म्हटलं. त्या दिवशी मी ठरवलं, मुलाला सांगायचं.

लातूरला फोन लावला. म्हणाले, "दादा, रागावू नका, पण बाई फोनवर पैसे लावून पत्ते खेळून राहिल्यात. रोज."

मग दादा म्हणाले, "आई? माझी आई? जुगार?"

रविवारी ते आले. उंच, देखणे, बोर्डावरच्या फोटोपेक्षा डोळ्यांखाली जास्त काळे. बाईंनी भाकरी आणि वरणफळं केली होती. ती दादांनी नीट खाल्लीही नाहीत. मला म्हणाले, "तुम्ही थांबा, तुमच्यासमोरच बोलतो, नाहीतर ही ऐकायची नाही." मी दाराशी स्टुलावर बसले.

मग त्यांनी आईला शिकवायला घेतलं. वर्गात शिकवतात तसंच, हात हलवून. हे वय आहे का. बाबांनी जन्मात लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. या कंपन्या माणसाला कशा गुंतवतात. शंभरातले नव्व्याण्णव हरतात, आई, हे गणित आहे. बाई समोर खुर्चीत बसून ऐकत होत्या. मी मनात म्हणत होते, बरं झालं, कुणीतरी बोललं.

त्यांचं संपल्यावर बाईंनी विचारलं, "तू खेळतोस का?"

"मी? मी कशाला?"

"बरं." थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. दादांनी खिशातला फोन काढला, परत ठेवला. मग बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी तुझ्याकडं दोन राजे होते. मधे एक्का पडला. समोरच्याकडं एक्का आहे हे तुला कळलं होतं, म्हणून तर तू इतका वेळ लावलास. तरी सगळं ढकललंस."

मला अजून पुरतं कळलं नव्हतं. दादांचा चेहरा आधी नुसता गोंधळला आणि मग त्यातलं सगळं रक्त कुणीतरी काढून घ्यावं तसा झाला.

"बुलेट..."

"हाव. मीच."

सुनेनं त्या दिवशी येऊन काय सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं. दोन बॅचेसच्या मधल्या सुट्टीत, दुपारी तीनला, हा माणूस रोज खेळायला बसायचा. घराचे हप्ते थकले होते, तिचे दागिने गेले होते. बाईंनी रडारड केली नव्हती, मुलाला बोलावलंही नव्हतं. त्यांनी सुनेला फक्त विचारलं होतं, कुठल्या ॲपवर आणि कुठल्या नावानं. नाव होतं 'लातूरचा न्यूटन'. त्या टेबलावर जाऊन बसण्यासाठी त्या खेळ शिकल्या होत्या. कुणाकडून तरी तो हरणारच आहे, तर माझ्याकडून हरू दे, एवढाच त्यांचा विचार. त्याच्याकडून आलेला प्रत्येक रुपया त्या सुनेच्या खात्यावर टाकत होत्या आणि थकलेले हप्ते फिटत होते. नवऱ्याला वाटत होतं, बायको माहेरून आणते.

दादा उभे राहिले. मला वाटलं, पाया पडतील. ते म्हणाले, "तू मला लुटलंस?"

"परक्यानं लुटलेलं चाललं, आईनं लुटलेलं चालत न्हाई?"

"इतके महिने? रोज? मी वेडा व्हायचा राहिलो होतो, आई! त्या बुलेटला हरवायचं म्हणून मी... एकदा हरवायचं म्हणून मी जास्त पैसे टाकून राहिलो होतो!"

हे बाईंना माहीत नव्हतं. दादांनी चपला घातल्या. गेटाबाहेर त्यांनी रिक्षा थांबवलेली ऐकू आली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मी ताटं उचलली. मला तेव्हा त्यांची भीती वाटली, हे खरं आहे. ज्या बाईचं घर, जिच्या हातची भाकरी, तिला मी दोन वर्षं ओळखतच नव्हते.

त्यानंतर दादांचं नांदेडला येणं बंद झालं. आईचा फोनही घेत नसत. 'लातूरचा न्यूटन' हे नाव त्या ॲपवरून नाहीसं झालं. मला वाटलं, आता बाईही सोडतील. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या पुन्हा बसल्या.

"आता कशाला, बाई?"

"शोधून राहिले त्याला."

"कुठं?"

"नाव बदललं असेल. दुसऱ्या ॲपवर गेला असेल. माणूस नाव बदलतो गं, चाल बदलत न्हाई. मला ओळखू येईल."

आणि खरंच, दीडेक महिन्यानं त्यांनी मला हाक मारली. आवाज थोडा चढलेला होता, असा मी आधी कधी ऐकला नव्हता. "सापडला! हे बघ." दुसऱ्या एका ॲपवर 'सावळा' नावाचं कुणी होतं. दुपारी तीनला येणारं. हरलं की लगेच दुप्पट लावणारं. चांगले पत्ते आले की वेळ लावणारं, वाईट आले की घाई करणारं. "हाच. हा असाच लहानपणी चुकीचं उत्तर घाईघाईनं लिहायचा." मग त्या 'सावळा'च्या मागं लागल्या. तो ज्या टेबलावर जाईल तिथं त्या. आणि पूर्वीसारखंच, त्याच्याकडून आलेलं सगळं लातूरला सुनेच्या खात्यावर. सून फोनवर काही म्हणायला लागली की म्हणायच्या, "विचारू नको. तुझंच आहे, ठेव."

एकदा मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही त्याच्यासाठी खेळता, की तुम्हालाच आता सुटत नाही?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला पण आता कळत न्हाई," म्हणाल्या.

वर्षभर हे चाललं. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सरकारनं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केल्याची बातमी आली. तीन वाजता बाईंनी ॲप उघडलं तर टेबलं नव्हतीच. तुमचे पैसे काढून घ्या, एवढाच निरोप. बाई तो निरोप वाचत बसल्या. मी कॉलेजातून लवकर आले होते, त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, सुटलात बाई. दादाही सुटले.

तेवढ्यात फोन वाजला. लातूरचा. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"आई."

"बोल."

"बातमी बघितली. म्हटलं, तू काय करत असशील."

"बसले आहे. तू जेवलास?"

"हो. आई, मी तेव्हाच सोडलं होतं. त्या रविवारनंतर दोनदा बसून बघितलं. पण समोर कुणीही असलं, कुठलंही नाव असलं, मला वाटायचं तूच आहेस. हातातले एक्के टाकून दिले मी. फोन हिच्या ताब्यात देऊन टाकला, मी साधा बटणांचा डबा फोन वापरून राहिलोय. तुला सांगायला तोंड नव्हतं."

मागून सुनेचा आवाज आला, "खरं आहे, आई. मीच सांगणार होते, हे नको म्हणायचे. तुम्ही पैसे पाठवत होता, मला वाटलं तुमच्या पेन्शनचे."

बाईंनी विचारलं, "मग सावळा?"

"कोण सावळा?"

मी बाईंकडं बघत होते. वाईट बातम्या, मृत्यू, मुलाचा आरोप, सगळं ज्या चेहऱ्यानं बिनबोभाट झेललं होतं, तो माझ्यासमोर असा कोसळला की मी उठून त्यांचे खांदे धरले. फोनवर दादा "आई? आई?" करत होते. त्यांना काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. मला मात्र कळलं होतं. वर्षभर ज्याला आपलं लेकरू समजून या बाईंनी रोज दुपारी पुरतं सोलून काढलं, तो कुणी वेगळाच होता.

बाई दुसऱ्या दिवशी लातूरला गेल्या. मुलगा न्यायला आला होता, गेटातच त्यानं आईला मिठी मारली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, सगळं गोड झालं. बरंचसं झालंही. सुनेनं 'सावळा'चे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत, त्यांना हात लावत नाही. मी त्या कंपनीला मेल केले, दादांनी केले. एकदा ठरावीक उत्तर आलं की खेळाडूंची माहिती देता येत नाही, नंतर तेही येईना.

मला आता उदगीरला कायमची नोकरी लागली आहे. मागच्या महिन्यात लातूरला जाऊन बाईंना भेटले. नातीचा इतिहासाचा धडा घेत होत्या. बऱ्या दिसल्या. चहा झाला, किल्लारीच्या उसाची चौकशी झाली. मी निघाले तशा रिक्षापर्यंत पोचवायला आल्या. रिक्षावाल्यानं भाव सांगितला, तो त्यांनी मुकाट्यानं मान्य केला. मग माझा हात धरून, त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "दुपारी तीनला यायचा गं तो. म्हणजे कुठंतरी कामाला असेल, मधल्या सुट्टीत खेळत असेल. त्याच्या आईला माहीत असेल का?"